चेंडूच्या वाटेने सातासमुद्रापार

बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींना परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती कशी मिळते, आणि तिच्यासाठी घरच्यांनी काय करावयास हवे?

नांदेड सोडून नागपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात दोन्ही अंगांना केळीच्या बागा दिसू लागतात. हेच अर्धापूर. इसापूर धरणाचे पाणी, काळी कसदार जमीन आणि बागायतदारांचे कष्ट या तिहींच्या बळावर येथील केळीने दूरदूरच्या बाजारांत नाव कमावले आहे. अलीकडे तर ती समुद्र ओलांडून परदेशीही जाऊ लागली आहे. या परदेशी जाणाऱ्या केळीची निगा काही वेगळीच असते. घड तोडावयाच्या दिवशी मनात आले आणि माल बोटीवर चढवला, असे तेथे चालत नाही. घडावर फण्या किती ठेवायच्या ते आधीच ठरवावे लागते. घड वाढीला लागताच त्याला पिशवी चढवावी लागते. फळावर डाग पडू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपावे लागते. इतके केले म्हणजे मग कोठे परदेशचा व्यापारी त्या मालाकडे वळून पाहतो.

खेळाच्या जोरावर परदेशी शिकावयास जाऊ इच्छिणाऱ्या मुलांचेही असेच आहे. फरक एवढाच, की बागायतदाराला हे ठाऊक असते आणि आईबापांना पुष्कळदा नसते. मुलगा किंवा मुलगी बारावी होते, जिल्ह्याच्या, राज्याच्या स्पर्धांची प्रशस्तिपत्रके भिंतीवर लागलेली असतात, आणि मग एके दिवशी कोणीतरी सांगतो, "अहो, अमेरिकेत बास्केटबॉल खेळणाऱ्यांना कॉलेज फुकट असते म्हणे!" घरात धावपळ सुरू होते. परंतु ज्या गोष्टी नववीत करावयाच्या त्या बारावीनंतर आठवल्या, तर त्यांचा उपयोग तो काय?

प्रत्येक नातेवाइकांत अशी एखादी मुलगी असतेच. वयाच्या मानाने ताडमाड वाढलेली. दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मावश्या, आत्या तिच्याकडे पाहून चिंतेने म्हणतात, "एवढी उंच झाली, हिला आता नवरा कोठून शोधायचा?" त्या मुलीची उंची ही विवंचनेची बाब नसून मिळकतीची बाब ठरू शकते, हे त्या बैठकीत कोणी बोलत नाही. ते बोलावे, आणि वेळेवर बोलावे, यासाठीच हा लेखप्रपंच.

एका मास्तरांची युक्ती

बास्केटबॉल हा खेळ जन्मला तोच मुळी शाळेच्या छपराखाली. १८९१ सालचा डिसेंबर महिना. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.ची व्यायामशिक्षक तयार करणारी शाळा होती. बाहेर कडाक्याची थंडी, मैदानावर जाण्याची सोय नाही आणि तरणीबांड मुले व्यायामाच्या ठराविक कवायतींना कंटाळलेली. तेथील तरुण शिक्षक जेम्स नेस्मिथ हे मूळचे कॅनडाचे. त्यांनी पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या मागवल्या, व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या आणि १३ नियम लिहून काढले. कठडा जमिनीपासून १० फूट उंच होता, म्हणून टोपली १० फुटांवर आली. ती आजतागायत तेथेच आहे. टोपल्यांना तळ असल्यामुळे चेंडू आत पडला की शिडी लावून काढावा लागे. पहिल्या सामन्यात दोन्ही बाजूंना नऊ नऊ खेळाडू होते आणि सबंध सामन्यात चेंडू टोपलीत पडला तो फक्त एकदाच!

त्या अठरा विद्यार्थ्यांत गेंझाबुरो इशिकावा नावाचा एक जपानी विद्यार्थी होता. म्हणजे बास्केटबॉलच्या अगदी पहिल्या सामन्यातही परदेशाहून शिकावयास आलेला एक तरुण खेळत होता. खेळ आणि परदेशी शिक्षण यांची जोडी या खेळापुरती तरी जन्मापासूनची आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

हा खेळ आपल्याकडे आला तोही शिक्षकांच्याच हातून. हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थांनी १९२० साली मद्रासेत वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. तेथे तयार झालेले शिक्षक देशभर पांगले आणि त्यांच्याबरोबर शाळाशाळांतून हा खेळही पांगला. १९५० साली भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन झाला, आणि १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताचा पुरुष संघ उतरला.

नागपाड्याचे मैदान

आपल्या महाराष्ट्रात या खेळाचा धडा गिरवावयाचा तर मुंबईच्या नागपाड्यात जावे. दाट वस्ती, लहान लहान खोल्या, रोजगारावर पोट असलेली कुटुंबे. अशा ठिकाणी क्लिफर्ड मॅनशर्ट या अमेरिकन मिशनऱ्याने 'नागपाडा नेबरहुड हाउस' ही समाजसेवेची संस्था उघडली. पुढे १९३६ मध्ये टाटांच्या देणगीतून समाजकार्याचे जे विद्यालय निघाले, ज्याला आपण आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखतो, तेही याच घरात सुरू झाले. एकाच छपराखाली अभ्यास आणि त्याच्याच शेजारी खेळाचे मैदान!

नागपाड्याच्या गल्लीबोळांतील मुलांना बच्चू खान यांच्यासारखे प्रशिक्षक लाभले. पालिकेच्या तेथील मैदानाला आज त्यांचेच नाव आहे. त्या मुलांतून राज्याचे आणि देशाचे खेळाडू निपजले. अब्बास मूंतासिर हे त्यांतील ठळक नाव. त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. आलिशान क्रीडासंकुल नव्हते, दूधबदामाचा खुराक नव्हता. घराजवळ मैदान होते, रोज संध्याकाळी न चुकता येणारा शिकवणारा होता आणि अभ्यासाला बसावयास एक जागा होती.

नागपाड्याला जे जमले ते अर्धापूरला का जमू नये? आता तर तीन-तीन खेळाडूंचा अर्ध्या मैदानावरचा बास्केटबॉलही मान्यता पावला आहे. टोकियो ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. म्हणजे एक रिंग, एक बोर्ड आणि अर्धे मैदान एवढ्यावरही खऱ्या स्पर्धेचा सराव होऊ शकतो. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली, हे उदाहरण तर आपल्याच राज्यातले आहे. मुली या खेळात मागे राहावयाच्या दिवसांत आता आपण नाही.

सातफुटी सतनाम

नांदेडकरांना पंजाब काही परका नाही. हुजूर साहिबच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंना घेऊन सचखंड एक्सप्रेस अमृतसर-नांदेड अशी धावत असते. याच गाडीच्या वाटेवर लुधियाना लागते. भारतीय बास्केटबॉलमध्ये लुधियान्याच्या प्रबोधिनीचे नाव मोठे. तेथे पंजाबातील बल्लो के या लहानशा खेड्यातला सतनाम सिंग नावाचा शेतकऱ्याचा मुलगा शिकत होता. बाप उंच, मुलगाही उंच. २०१० साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याला अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात आय.एम.जी. अकादमीत शिकण्याची शिष्यवृत्ती मिळाली. तो तेथे पोचला तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हते.

पुढची कथा वर्तमानपत्रांनी रंगवून रंगवून सांगितली. जून २०१५ मध्ये एन.बी.ए. या अमेरिकेच्या धंदेवाईक संघांच्या निवडीत डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर सतनामचे नाव पुकारले. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. देशभर पेढे वाटले गेले.

परंतु या कथेचा एक धागा पेढ्यांच्या गडबडीत मागे राहिला. अमेरिकेत बहुतेक खेळाडू शाळेतून कॉलेजात जातात, तेथे खेळत खेळत शिकतात आणि मग धंदेवाईक संघांकडे वळतात. सतनाम कॉलेजात न जाता शाळेतून थेट त्या निवडीत उतरला. कारण कॉलेजच्या संघात खेळण्यासाठी अभ्यासाची जी पात्रता लागते, ती पुरी होणे त्याला अवघड होते. एन.बी.ए.च्या एकाही सामन्यात त्याला उतरता आले नाही. त्यानंतर उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत अडकून त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि शेवटी तो अमेरिकेतल्या करमणुकीच्या कुस्तीकडे वळला.

यात सतनामला नावे ठेवण्याचा हेतू नाही. चौदा वर्षांच्या, परक्या भाषेच्या देशात एकट्या पडलेल्या पोराने जे करून दाखवले ते थोडेथोडके नाही. सांगावयाचे ते एवढेच, की सात फूट दोन इंच उंचीसुद्धा मार्कांची उणीव भरून काढू शकली नाही. मग आपल्या सहाफुटी बाळूची कथा काय!

शिष्यवृत्ती म्हणजे नेमके काय?

अमेरिकेत कॉलेजांच्या खेळांचा कारभार मुख्यतः एन.सी.ए.ए. या संघटनेकडे आहे. १९०६ साली निघालेल्या या संघटनेत सुमारे ११०० महाविद्यालये आहेत आणि त्यांचे तीन विभाग आहेत. हे तीन विभाग नीट समजून घेतले म्हणजे अर्धा गोंधळ मिटतो.

पहिल्या विभागात मोठी विद्यापीठे. येथे पूर्ण शिष्यवृत्ती मिळते. शिकवणीची फी, राहणे, जेवण आणि पुस्तके हे सारे तीत येते. अनेक वर्षे पुरुषांच्या संघात १३ आणि महिलांच्या संघात १५ जणांना अशी शिष्यवृत्ती देता येई. २०२५-२६ च्या हंगामापासून, न्यायालयात झालेल्या तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना दोन्ही संघांत १५ खेळाडू ठेवण्याची आणि त्या सर्वांना शिष्यवृत्ती देण्याची मोकळीक मिळाली. दुसऱ्या विभागात एका संघामागे १० शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम असते आणि ती अनेकांत वाटता येते. म्हणजे कोणाला निम्मी, कोणाला पाव. तिसऱ्या विभागात खेळासाठी म्हणून एक छदामही मिळत नाही. मात्र हुशारीसाठी आणि घरच्या परिस्थितीसाठी मदत मिळते, आणि ती कधी कधी बरीच असते. हार्वर्ड, येल यांसारखी नामांकित विद्यापीठे पहिल्या विभागात असूनही खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत. ती घरची ऐपत पाहून मदत करतात.

याखेरीज एन.ए.आय.ए. नावाची लहान महाविद्यालयांची वेगळी संघटना आहे, आणि दोन वर्षांची 'ज्युनियर' किंवा 'कम्युनिटी' कॉलेजे आहेत. येथेही खेळाडूंना शिष्यवृत्त्या असतात, आणि येथून दोन वर्षांनी मोठ्या विद्यापीठात जाता येते. बरखा सोनकर ही भारतीय खेळाडू आय.एम.जी. अकादमीनंतर फ्लोरिडातील हिल्सबरो कम्युनिटी कॉलेजात गेली आणि तेथून केंटकीतील लिंडसे विल्सन कॉलेजात. पायरीपायरीने चढण्यात कमीपणा कसला?

हा आकडाही ध्यानात असू द्यावा: अमेरिकेतील खाजगी विद्यापीठाचा वर्षाचा खर्च ६०,००० डॉलरांच्या वर सहज जातो. तेव्हा 'निम्मी शिष्यवृत्ती मिळाली' म्हणून हुरळून जाण्यापूर्वी उरलेली निम्मी रक्कम रुपयांत मांडून पाहावी. पाव शिष्यवृत्तीच्या आनंदात पाऊण शेत विकण्याची पाळी येऊ नये.

मुलींची बाजू उजवी

अमेरिकेत १९७२ साली एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेने मुलगा-मुलगी असा भेद करता कामा नये, असे त्या कायद्याने ठरवले. त्याच्या नवव्या कलमामुळे कॉलेजांना मुलींच्या खेळांसाठीही संघ उभारावे लागले, शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. वॉशिंग्टनमध्ये झालेल्या त्या कायद्याचे फळ आज भारतातल्या मुलीही चाखत आहेत.

कविता अकुला अ‍ॅरिझोनातील ग्रँड कॅन्यन विद्यापीठात खेळली. बंगळुरूची संजना रमेश २०१९ साली त्याच राज्यातील नॉर्दर्न अ‍ॅरिझोना विद्यापीठात गेली. पंजाबची हरसिमरन कौर आधी ऑस्ट्रेलियातील प्रबोधिनीत तयार झाली आणि मग कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो विद्यापीठात दाखल झाली. ही तिन्ही विद्यापीठे पहिल्या विभागातली. तेव्हा ताडमाड वाढलेल्या त्या भाचीची उंची भिंतीवर पेन्सिलीने मोजून ठेवा, मावशीबाई. ती पुढे उपयोगी पडेल!

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. मुलींचा चेंडू सहा नंबरचा, मुलांचा सात नंबरचा. शाळेत एकच चेंडू असतो आणि तो बहुधा सात नंबरचा. मोठ्या, जड चेंडूने खेळून मुलींचा नेम बिघडतो. मदत करू इच्छिणाऱ्या एखाद्या सद्गृहस्थाने ढाली आणि करंडक वाटण्याऐवजी सहा नंबरचे चार चेंडू शाळेला दिले, तर ते अधिक पुण्याचे होईल.

नववीपासूनची फाईल

आता मुद्द्याची गोष्ट. एन.सी.ए.ए.च्या पहिल्या विभागात खेळावयाचे तर नववी ते बारावी या चार वर्षांत मुख्य विषयांचे १६ वार्षिक अभ्यासक्रम पुरे झालेले असावे लागतात: इंग्रजी ४ वर्षे, गणित ३ वर्षे, विज्ञान २ वर्षे, या तिहींपैकी कोणताही आणखी १, सामाजिक शास्त्रे २ आणि इतर मान्य विषयांचे ४. त्यांत चारपैकी किमान २.३ ही सरासरीही पडावी लागते.

मराठवाड्यातील पालकाने गणिताच्या ओळीवर बोट ठेवून थांबावे. दहावीनंतर 'खेळाडू मुलगा आहे, गणित कशाला?' म्हणून तो विषय सोडवला जातो. नववी आणि दहावी मिळून गणिताची वर्षे होतात दोन. हवी आहेत तीन. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी घाईत मारलेली एक फुली चार वर्षांच्या शिष्यवृत्तीचे दार लावून घेऊ शकते.

दुसरी बाब कागदांची. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या गुणपत्रिका आपण देवघरात ठेवतो, पण नववीचे आणि अकरावीचे प्रगतिपुस्तक रद्दीत जाते. येथे चारही वर्षांचा हिशेब मागतात. मराठीत असलेल्या कागदाचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. म्हणून नववीच्या पहिल्या दिवशी एक जाड फाईल घ्यावी आणि तीत प्रत्येक वर्षाचे प्रगतिपुस्तक, शाळेच्या सहीशिक्क्यासह, लावीत जावे. जन्मदाखला, आधार, गुणपत्रिका आणि पासपोर्ट यांत नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव यांचा क्रम आणि अक्षरे एकच आहेत ना, तेही याच वेळी तपासावे.

तिसरी बाब वर्षांची. मुलगा लहान गटातून आणखी एक वर्ष खेळावा म्हणून त्याला त्याच इयत्तेत पुन्हा बसवणे, किंवा जन्मतारीख मागेपुढे करणे, हे उद्योग काही ठिकाणी चालतात. ते मुळातच खोटे. पण व्यवहारानेही आतबट्ट्याचे. अमेरिकेतील हिशेब नववीत पाऊल टाकल्यापासून सुरू होतो. तसेच बारावीनंतर एक वर्षाच्या आत कॉलेजात दाखल व्हावे, अशी अपेक्षा असते. त्यानंतरही स्पर्धा खेळत राहिल्यास हक्काचे हंगाम कमी होऊ शकतात. आपल्या लातूर-नांदेडकडे 'नीट' परीक्षेसाठी बारावीनंतर एक-दोन वर्षे पुन्हा बसण्याची रीत आहे. डॉक्टर होण्यासाठी ती कदाचित योग्य असेल, परंतु दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्या खेळाडूला ती महाग पडते. घरात बसून एकदा स्पष्ट ठरवावे: वाट कोणती?

चौथी इंग्रजी. 'टोफेल', 'आयएल्ट्स' यांसारखी एखादी परीक्षा द्यावी लागतेच. 'सॅट' ही परीक्षा एन.सी.ए.ए.ने जानेवारी २०२३ मध्ये आपल्या पात्रतेतून काढून टाकली. पण काही विद्यापीठे प्रवेशासाठी ती अजूनही मागतात. मराठी माध्यमाच्या मुलांनी घाबरण्याचे कारण नाही. रोज अर्धा तास इंग्रजी ऐकणे, अर्धा तास मोठ्याने वाचणे आणि सराव संपल्यावर त्या दिवसाचे पाच ओळींचे टिपण इंग्रजीत लिहिणे, एवढे चार वर्षे केले तर पुष्कळ होते.

पाचवी बाब खेळ दाखवण्याची. अमेरिकेतला प्रशिक्षक अर्धापूरला येणार नाही. अर्धापूरचा खेळ त्याच्यापर्यंत गेला पाहिजे. घरच्या मोबाइलवर सबंध सामना, एका उंच जागेवरून, न थांबता टिपावा. निवडक बास्केटांची दोन मिनिटांची चित्रफीत सगळेच पाठवतात. चेंडू हातात नसताना मुलगी काय करते, चूक झाल्यावर मान खाली घालते की धावत बचावाला जाते, हे जाणत्या प्रशिक्षकाला सबंध सामन्यातच दिसते. उंची बूट काढून मोजावी आणि जेवढी भरेल तेवढीच लिहावी. विमानतळावर उतरल्यावर दोन इंच कमी भरणे फार लाजिरवाणे!

या पाचही बाबींचे नियम अधूनमधून बदलत असतात. म्हणून दर वर्षी संघटनेचे चालू वर्षाचे नियम स्वतः वाचावेत; शेजाऱ्याच्या मेहुण्याने तीन वर्षांपूर्वी सांगितलेल्यावर विसंबू नये.

शिष्यवृत्ती विकत मिळत नाही

जेथे स्वप्न तेथे दलाल, हा जगाचा न्याय आहे. 'इतके लाख भरा, शिष्यवृत्तीची हमी देतो' असे सांगणारे भेटतील. शिष्यवृत्ती देण्याचा अधिकार फक्त महाविद्यालयाला आहे, आणि ते ती लेखी देते. त्या पत्रात रक्कम, मुदत आणि अटी असतात. मुदत पुष्कळ ठिकाणी एकेक वर्षाची असते. पुढच्या वर्षी ती चालू राहील की नाही, दुखापत झाली तर काय, हे आधी विचारावे. असे प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. मुलीचे लग्न ठरवताना आपण किती चौकशी करतो? मग तिला चार वर्षांसाठी दहा हजार मैलांवर पाठवताना संकोच कशाला?

महाविद्यालयाचे पत्र आले की आय-२० नावाचा कागद, विद्यार्थ्याचा एफ-१ व्हिसा आणि मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतील मुलाखत. तेथे प्रामाणिक उत्तरे द्यावीत: काय शिकणार, खर्च कोण देणार, पुढे काय करणार. पढवलेला पोपट तेथे चटकन ओळखू येतो.

तेथे गेल्यावर

तेथले आयुष्य चित्रपटासारखे नसते. हंगामात आठवड्याला २० तासांपर्यंत सराव आणि सामने, त्याखेरीज प्रवास, आणि शिवाय वर्ग, निबंध, परीक्षा. विद्यार्थी-व्हिसावर बाहेर मिळेल ती नोकरी धरता येत नाही. कॉलेजच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. शाकाहारी मुलाने घरून निघण्यापूर्वी वरणभात, खिचडी, उसळ आणि पोळी स्वतः करावयास शिकले पाहिजे. मुलगा असला तरी! जो आईच्या हातचे ताट पुढे आल्याखेरीज जेवत नाही, त्याला परदेशी हिवाळ्यात बास्केटबॉलपेक्षा भूक जड जाते.

तेथून परत येणाऱ्यांपैकी एन.बी.ए.चा खेळाडू क्वचितच कोणी होईल. पण पदवी घेऊन जो परत येईल त्याच्या हातात काहीतरी राहील. गुडघा दुखावला म्हणून हिशेबशास्त्र विसरत नाही. चेंडू हातून सुटला म्हणून संगणकाची विद्या जात नाही. खेळाने दार उघडावे आणि शिक्षणाने घर उभारावे, असा हा सौदा आहे.

आणि हे दार बारावीलाच एकदा उघडून कायमचे बंद होते, असेही नाही. वाराणसीची दिव्या सिंग भारतीय संघातून खेळली आणि मग अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात क्रीडाव्यवस्थापन शिकावयास गेली. तेथील महिला संघाच्या प्रशिक्षणातही तिने हातभार लावला. येथे पदवी घेऊन तेथे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांना संघाच्या कामात साहाय्यक म्हणून जागा मिळू शकते आणि तीत फीची सवलत असते. आपल्या राज्य सरकारची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तीही पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या शिक्षणासाठी आहे. तेव्हा बारावीला जमले नाही म्हणून फाईल फेकून देऊ नये.

गहाण पडलेले घर

खेळाडूला परदेशी धाडण्यासाठी घर गहाण टाकणारा शिक्षक महाराष्ट्राने पाहिला आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे जमेनात. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

खर्डेकरांसारखे मन सर्वांना लाभत नाही, आणि सर्वांनी घरे गहाण टाकावीत अशी अपेक्षाही नाही. आज जी मदत लागते तिला पैसा कमी आणि लक्ष अधिक लागते. अर्धापूरसारख्या गावात एक गणिताचे शिक्षक खेळाडूंसाठी संध्याकाळचा तास घेतील, एक निवृत्त गृहस्थ इंग्रजीची पत्रे तपासून देतील, बँकेत काम करणाऱ्या एखाद्या ताई शिष्यवृत्तीच्या पत्रातील आकडे समजावून सांगतील, आणि क्रीडाशिक्षक प्रत्येक खेळाडूची फाईल कपाटात कुलपात ठेवतील, तर पाच-सहा वर्षांत त्या शाळेचे चित्र पालटेल. त्यातून एकच मुलगी परदेशी गेली तरी मागच्या पन्नास जणींना गणित सोडू नये हे कळेल. आणि जी कोठेच गेली नाही तिच्याही पदरात चांगले मार्क, बरे इंग्रजी आणि निरोगी शरीर एवढे तर पडेलच.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांची दुसरी सहामाही सुरू होईल. ज्या घरात नववीतला खेळाडू आहे त्या घराने भाऊबीजेच्या ओवाळणीतून दोनच वस्तू आणाव्यात: एक चेंडू आणि एक जाड फाईल. चेंडूला हवा भरावी, आणि फाईलीत सहामाहीचे प्रगतिपुस्तक लावून टाकावे.